ॲप शिकणाऱ्यांचं ऋषिऋण

नवीन पनवेलमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाला ॲप बनवायचं असेल, तर निम्मी विद्या फुकट मिळते. अँड्रॉइडचा स्रोत २००८पासून खुला आहे, कॉटलिन भाषाही मुक्त.

मग हे देणं कुणाचं?

तैत्तिरीय संहिता ब्राह्मणाला जन्मतःच तीन ऋणं सांगते. त्यातलं ऋषिऋण पैशाने फिटत नाही, ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटतं. अँड्रॉइड आणि कॉटलिन मुख्यतः ज्याखाली मिळतात, तो अपाचे परवाना त्याहून उदार: मूळ हक्कसूचना आणि परवान्याची प्रत जपली, की ॲप खुशाल विका. कायद्याचं तेवढ्यावर भागतं, धर्माचं भागू नये. ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये गीतार्थ मराठीत आणला. तसा पनवेलकर पोरांनी ॲप बनवण्याचा निदान एक धडा मराठीत लिहून मोकळा सोडावा.