विद्येचे प्रयोजन : अरिवू आणि आचार



मुलाला शाळेत कशासाठी घालायचे, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो, 'चार पैसे मिळवील, आपले कष्ट त्याच्या वाट्याला येणार नाहीत.' हे उत्तर खोटे नाही. शरणांनी कमाईला कधी हीन मानले नाही; कायक हीच त्यांची पूजा. पण हे उत्तर अपुरे आहे. किती अपुरे, हे सुरतेजवळच्या सचिनकडे पाहिले म्हणजे कळते.

सचिन हे एके काळी सिद्दी नवाबांचे छोटे संस्थान. आज तेथे कापड-रंगाईची व रसायनांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे सुरत परिसरात राहतात. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे या वसाहतीतील नाल्यात एका टँकरमधून रासायनिक सांडपाणी बेकायदा सोडले जात होते. विषारी वायू पसरला. शेजारच्या गिरणीतील सहा कामगार दगावले, वीसहून अधिक रुग्णालयात गेले.

आता विचार करा. रसायन तयार करणे, मोजणे, त्याची नोंद ठेवणे ही निरक्षराची कामे नव्हेत. असे सांडपाणी कारखान्यातून निघून नाल्यापर्यंत पोचते, त्या वाटेवर कोठे ना कोठे शिकलेला माणूस बसलेला असतो. ते शुद्ध करायला पैसे पडतात, नाल्यात ओतले की वाचतात, हा हिशोब त्याला येतो. शाळेने त्याला वजाबाकी शिकवली. त्या वजाबाकीत माणसे जातात, हे त्याच्या मनावर कोणी बिंबवले नाही.

बाराव्या शतकातील आयदक्की लक्कम्मा आठवा. पती मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत, त्यावरच संसार आणि दासोह चाले. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्माने ते घरात ठेवून घेतले नाहीत. गरजेपुरते ठेवा, उरलेले जेथून आणले तेथे टाकून या, असे तिने बजावले. लक्कम्मा कोणत्या शाळेत शिक्षिका नव्हती, पण शिक्षकाचे खरे काम तिने केले. हात कोठे थांबवावा, हे तिने शिकवले.

शरणांच्या परिभाषेत अरिवू म्हणजे जाणीव आणि आचार म्हणजे वर्तन. अरिवू आचारात उतरला नाही तर ती नुसती माहिती. माहिती पुस्तकातूनही मिळते. आचार मात्र आचरणाऱ्याजवळ बसूनच येतो. म्हणून शिक्षक लागतो.

असा शिक्षक शोधायला फार लांब जायला नको. १९१६ मध्ये बेळगावात सात तरुण शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था काढली. शि. शि. बसवनाळ, म. रा. साखरे ही त्यांतील नावे. समाज त्यांना 'सप्तर्षी' म्हणतो. दुसरीकडे सुखाची नोकरी करता आली असती, अशा पदवीधरांनी शाळा उभारण्यात आयुष्य घातले. त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यागावर वेगळा धडा कशाला हवा होता? तो रोज समोर उभा राहून शिकवीत होता.

दीक्षेच्या वेळी श्रीगुरू इष्टलिंग शिष्याच्या तळहातावर ठेवतात. पुढची पूजा मात्र शिष्यानेच करायची असते. शिक्षकाचेही तसेच. त्याने मुलाच्या हाती विवेक द्यावा. पाठीशी कोणी पाहत नसतानाही तो हात योग्य जागी थांबावा, यातच त्याचे यश.

तेव्हा आई-वडिलांनो, मुलगा परीक्षेहून आला की 'किती गुण मिळाले?' हे अवश्य विचारा. पण त्याच ताटावर बसून आणखी एक विचारा, 'आज तुझ्यामुळे कोणाला त्रास तर झाला नाही ना?' आणि तोच प्रश्न त्याने आपल्याला, आपल्या कामावरून परतल्यावर विचारला, तर रागावू नका. त्या दिवशी घरात लक्कम्मा आली असे समजा.

शरणु शरणार्थी.