हवेतला दगड

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिची लांबी तेवढी पाहून आलो. पंचीकरणासारखा गहन विषय या सत्पुरुषाने (1551–1615) कापडावर उतरवला, या नवलातच दृष्टी गुंतून पडली होती. अक्षरे दिसली ती दुसऱ्या खेपेला, आणि शाईखालचे आडवे-उभे धागेही तेव्हाच. चित्रपटाचा पडदा हेही अखेर कापडच. त्यावरची कथा सरसर पुढे धावते, आपण तिचा पदर धरून मागे ओढले जातो. वीण न्याहाळण्याची उसंत पहिल्या वेळी मिळतेच कुठे?

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2014 साली बीडला पाहिला, तेव्हा सारे चित्त त्यातल्या पोरामागे, जब्यामागे होते. डुकरे धरण्याच्या त्या दीर्घ प्रसंगात बघे टोमणे मारतात, मोबाइलवर फोटो काढतात; थिएटरात हशा उसळला आणि, खोटे कशाला बोलू, त्यात मीही होतो. मग जब्याने भिरकावलेला दगड थेट अंगावर आला, पडदा काळा झाला. मी दचकलो आणि बाहेर येऊन चहा प्यायलो.

काही वर्षांनी तोच चित्रपट घरी एकट्याने पाहिला. या वेळी दगड ठाऊक होता. त्यामुळे आरंभीच, काळ्या चिमणीवर गलोल रोखणाऱ्या त्या पोराच्या हातात मला शेवट दिसू लागला. जणू तो दगड पहिल्या दृश्यापासून हवेतच होता आणि मी त्याच्या वाटेत बसलो होतो. औत्सुक्य सरले तसे डोळे मोकळे झाले, जब्यावरून त्याच्या बापावर, किशोर कदम यांच्या कचरूवर गेले: गावापुढे झुकलेली मान, लेकीच्या लग्नाची विवंचना, आणि भलत्याच कुणावरचा, पण मुलावर निघणारा राग. बांबूला बांधलेले डुक्कर शाळेच्या भिंतीसमोरून जाते, मागे महापुरुषांची रंगवलेली चित्रे. पूर्वी हे प्रतीक चटकन ओळखून मी मोकळा झालो होतो. ओळखणे ही पाहण्यातली पळवाटच.

आजी सप्ताहातल्या कीर्तनाला नेमाने जायची. हरिश्चंद्राचे आख्यान तिला तोंडपाठ. तरी तारामती लेकराचे प्रेत घेऊन स्मशानात आली की तिचा पदर डोळ्यांना लागायचाच. पुढे काय, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

परवा 'फँड्री' तिसऱ्यांदा लावला. डुकरांमागची धावाधाव सुरू झाली तसा मी हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून पाहत गेलो. त्यांत दुष्ट असा कुणी सापडला नाही. बहुतेक ओळखीचे वाटले.