छप्पर कोणी शाकारायचे?

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या घरांवर अजून कवेलू, म्हणजे भाजलेल्या मातीची कौले आहेत, त्यांच्या मालकांपुढे वैशाख सरत आला की दरवर्षी तोच प्रश्न येतो : मृग लागण्याआधी कवेलू स्वतः फेरायचे की जाणता गडी लावायचा? फेरणे म्हणजे सगळे कवेलू उतरवणे, वानरांनी फोडलेले आणि तडकलेले बाजूला काढणे, त्यांखालच्या बत्त्यांना वाळवी लागली आहे का ते पाहणे आणि मग पाण्याला वाट राहील अशा बेताने ते पुन्हा रचणे. वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे, कारण एका बाजूला मजुरीचे पैसे आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे दोन दिवस एवढीच तुलना करायची असते. परंतु आपल्या निवाऱ्याचे कोणते काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येते, ते कोणत्या अटीवर सोपवता येते आणि कोणते सोपवताच येत नाही, असा विचार सुरू झाला की हिशेब मागे पडतो आणि धर्मविचाराला हात घालावा लागतो. येथे धर्म हा शब्द पंथ किंवा उपासना या अर्थाने नव्हे, तर माणसाकडे काय करणे लागते या अर्थाने घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर स्वधर्माच्या कल्पनेत आहे. गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन्ही अध्यायांत, परक्याचा धर्म उत्तम रीतीने पार पाडण्यापेक्षा आपला उणा असलेला धर्मही श्रेयस्कर, असा निर्वाळा आहे. त्याचा रूढ अर्थ लावला तर तासणी सुताराची, भिंत गवंड्याची आणि नांगर शेतकऱ्याचा, असे ठरते व घरमालकाने छपरावर चढणे हा जवळजवळ अतिक्रमच होतो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या 'रिपब्लिक'मध्येही नगराची उत्पत्ती याच कारणाने सांगितली आहे, की कोणीही माणूस एकटा स्वतःला पुरा पडत नाही. त्याच्याच दुसऱ्या एका संवादात हिप्पियास नावाचा पंडित अंगठी, पादत्राणे, झगा आणि कमरपट्टा असे सारे स्वतःच्या हातचे लेवून ऑलिम्पियाला आल्याचे वर्णन आहे, आणि ते कौतुकाच्या आवाजात केलेले असले तरी त्यातला चिमटा लपत नाही. आपल्या हातच्या कामाचा असा मिरवण्याजोगा अभिमान आजही अपरिचित नाही.

स्वधर्माचे हे उत्तर गावगाड्यात बलुत्याच्या रूपाने नांदले. बलुते म्हणजे सुतार, लोहार, कुंभार इत्यादी कारागिरांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा ठरीव वाटा. ज्याचा नांगर मोडला त्याने सुताराकडे जावे आणि सुताराने घासाघीस न करता तो दुरुस्त करावा, ही त्यातली सोय निःसंशय मोठी होती. परंतु सुताराच्या मुलाला सुतारकीखेरीज मार्ग नव्हता आणि काही कामे करणाऱ्यांना तर ज्या घराचे काम करायचे त्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात नेमके हेच दाखवले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि ती माणसाच्या आवडीवर वा योग्यतेवर नव्हे तर जन्मावर उभी आहे. हा आक्षेप मान्य केल्यावर 'ज्याचे काम त्याने करावे' हे वाक्य निरागस राहत नाही, कारण 'ज्याचे' हे कोणी ठरवले, असा प्रश्न त्याला चिकटून येतो.

दुसरे उत्तर यवतमाळच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्रामात आचरणात आले. महात्मा गांधी तेथे १९३६ मध्ये राहावयास गेले, पण त्यांची शरीरश्रमाची कल्पना त्याआधीची आहे. शरीरश्रम हे आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक असून, प्रत्येकाने आपल्या अन्नापुरते तरी अंगमेहनतीचे काम केलेच पाहिजे, असा त्याचा आशय आहे. बोंदारेव नावाच्या रशियन शेतकऱ्याचा हा विचार टॉल्स्टॉयने उचलून धरला आणि टॉल्स्टॉयच्या लेखनातून तो गांधींना मिळाला. पुढे, यज्ञ न करता खाणारा चोरीचे अन्न खातो, या गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील विधानाशी त्यांनी तो जोडला व यज्ञाचा अर्थ तेथे शरीरश्रम असाच घेतला. म्हणजे एकाच अध्यायातून 'आपापले काम करा' आणि 'प्रत्येकाने हाताने काम करा' असे दोन्ही आदेश निघतात, ही भाष्यकारांची अडचण आहे खरी. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या गीता-प्रवचनांत स्वधर्म हा शोधावा लागत नाही, तो आईसारखा आधीच मिळालेला असतो, असे म्हटले आहे. ते खरे धरले तर गळक्या छपराखाली राहणाऱ्याला ते छप्परच त्याचा स्वधर्म म्हणून मिळालेले असते, मग त्याची जात किंवा पदवी कोणतीही असो.

तथापि शरीरश्रमाच्या व्रतावरून सर्व दुरुस्ती स्वतःच करावी असे निष्पन्न होत नाही. गांधींनी सुतारकाम, लोहारकाम, विणकाम हे धंदे म्हणून मान्य केले होते. मात्र आपली घाण ज्याने त्याने स्वतः साफ करावी, या एका गोष्टीत त्यांनी प्रतिनिधी मान्य केला नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण ती कामाच्या अवघडपणावरून नव्हे, तर ते काम करवून घेताना दुसऱ्या माणसाचे काय होते यावरून आखलेली आहे.

स्वतः करण्याच्या बाजूने बोलणारे बहुधा एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे सामान हाताशी असणे. घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम समाजाच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, बांबूचे कुड विणून त्यांवर माती लिंपण्यास बाहेरचा कारागीर लागत नाही, पण बांबू मात्र लागतो आणि तो जंगलातून येतो. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला तेव्हा प्रश्न याच जातीचा होता; गवत हे गुरांच्या चाऱ्याचे तसेच गरिबाच्या छपराचे, आणि ते परवान्याशिवाय तोडणे हा गुन्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरते वनातून घेण्याचे, हक्क मान्य केले. ज्याच्या हाती कसब आहे त्याला साहित्याची मोकळीक नसेल, तर त्याला स्वावलंबनाचा उपदेश करणे हे तत्त्वज्ञानाचे काम नव्हे.

आता ज्ञानाचा मुद्दा. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात कपाशीची काळी जमीन आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे उथळ पायावरची भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर पुट्टीने बुजवणे कोणासही जमते, आणि पुढच्या ज्येष्ठात ती तिथेच पुन्हा उघडते. जाणता गवंडी चिरेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवतो. काही महिन्यांनी काच फुटली तर भिंत अजून हलते आहे, म्हणजे दोष पायात आहे, हे कळते. येथे कारागिराला दिलेली मजुरी हातांची कमी आणि थांबण्याची अधिक असते. ज्याला आपले अज्ञान कळते तो येथे गवंड्याला बोलावतो, आणि हे बोलावणे आळसातून आलेले नसते; उलट स्वतः करण्याचा हट्ट कित्येकदा मजुरी वाचवण्याच्या इच्छेला दिलेले गोंडस नाव असते.

मजुरी म्हणजे काय, याचा सर्वांत सूक्ष्म विचार मात्र एका शिंप्याच्या पदात आढळतो. संत नामदेवांची जी पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत, त्यांपैकी सोरठ रागातील एका पदात शेजारीण नामदेवांना विचारते की हे खोपट कोणाकडून शाकारून घेतले, तो सुतार दाखवा, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेवांचे उत्तर असे, की हा सुतार असा बोलावून देता येत नाही, कारण तो प्रेमाची मजुरी मागतो. पदाचा रोख अर्थातच ईश्वराकडे आहे, आणि त्यावरून कारागिराला प्रेम द्यावे व पैसे बुडवावेत असा सोयीचा अर्थ काढणारे निघतीलच. पण शेजारणीचा गैरसमज पाहण्यासारखा आहे. दर वाढवला की कोणताही हात आपल्या छपराला लागेल, असे तिला वाटते. मराठी खेड्यातली इर्जिक, म्हणजे एकाच्या शेतावर सगळ्यांनी राबणे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालणे, किंवा सावड, म्हणजे आज तुझे तर उद्या माझे अशी श्रमांची परतफेड, या रीतींत 'स्वतः' आणि 'भाड्याने' ही दोन टोके नव्हतीच. स्लॅबची घरे आणि रोख मजुरी आल्यावर ती एकमेकांपासून तुटली, कारण सिमेंटचे ओतीव काँक्रीट शेजाऱ्यांच्या रिकाम्या दुपारची वाट पाहत नाही.

संतपरंपरेतच या प्रश्नाची काळी बाजूही आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून संत चोखामेळा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर दडपून मेले, हे साल परंपरेने इ.स. १३३८ सांगितले जाते; नामदेवांनी ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या ओळखून आणल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. जे गावकूस गावाचे रक्षण करणार होते, ते रचणाऱ्यांची वस्ती मात्र गावकुसाबाहेर होती. शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवण्याबाबत २०१३ च्या कायद्याने जे निर्बंध घातले, त्यांचे मूळ कारण याहून निराळे नाही : ज्या धोक्यात उतरण्याची करवून घेणाऱ्याची तयारी नसते आणि ज्यापासून तो दुसऱ्याला वाचवूही शकत नाही, तो पैशाने विकत घेता येत नाही.

कवेलू फेरताना निदान एक रीत अशी आहे की तिच्यात हे सगळे भान सहज राहते. वर आढ्यापाशी जाणता गडी बसतो, कारण कोणत्या वाशावर भार टाकावा हे त्याला ठाऊक असते. शिडीवर घरातला एखादा तरणा मुलगा उभा राहतो, आणि अंगणातून घरची माणसे हातोहात कवेलू वर देतात, फुटके निराळे ठेवतात, शिडीचा पाय धरून राहतात. दुपारची भाकर सगळ्यांची एकत्र होते आणि मजुरी त्याच संध्याकाळी, गडी हातपाय धुऊन ओट्यावर बसल्यावर, मोजून दिली जाते.