बंदरावरचे तीन तास

'वेळ सत्कारणी लावा' हे वाक्य आम्हां शिक्षकांच्या तोंडी इतके बसलेले आहे की त्याचा अर्थ एकदा तपासून पाहावा, असे आमच्या मनातही येत नाही. मास्तर रजेवर असले की वर्गाला ते ऐकवायचे, दिवाळीची सुट्टी लागली की पुन्हा ऐकवायचे. परंतु सत्कारण म्हणजे नेमके कोणते कारण, आणि ते ठरवायचे कोणी? स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात हा प्रश्न फारसा अडत नाही. तो अडतो परक्या गावी, हाती मोजके तास असताना. जहाज धक्क्याला लागले आहे, चार वाजता भोंगा होणार आहे आणि समोर एक लहानसे, निवांत, आपल्या कामात असलेले गाव आहे. या तीन तासांचे काय करावे? वरवर पाहता हा सहलीच्या माहितीपत्रकातला प्रश्न आहे. मला मात्र तो नीतिशास्त्रातला वाटतो.

संतपूरच्या हेडमास्तरांना बंदराची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. आमची मांजरा उन्हाळ्यात घोटाभर पाण्याची होते. तिच्यात म्हशी डुंबतात, जहाजे येत नाहीत. पण एक गोष्ट आमच्या भागातली मंडळीही विसरून गेली आहेत. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलवली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे बीदरचा दरवाजा कोकणात होता. दाभोळ आणि चौल ही ती बंदरे. अरबस्तानचे घोडे तिथे उतरत आणि घाट चढून आमच्या माळावर येत. महमूद गावान हा इराणातल्या गिलानचा गृहस्थ १४५३ च्या सुमारास दाभोळलाच उतरला. आला होता व्यापाराच्या निमित्ताने आणि बीदरच्या एका सत्पुरुषाच्या भेटीच्या ओढीने. पुढे तो बहमनी राज्याचा वजीर झाला, १४७२ मध्ये त्याने बीदरचा मदरसा पुरा केला आणि १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. बंदरावर उतरलेला हा पाहुणा परत बोटीत चढलाच नाही. त्याच काळातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, जुन्नरला पावसाने अडकला, बीदरला राहिला आणि परतीच्या प्रवासासाठी शेवटी दाभोळलाच येऊन गलबतात चढला. तेव्हा बंदर आणि बंदरावरचा मुक्काम हा विषय आम्हांला अगदीच परका नाही.

आता आजचा प्रवासी पाहू. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' नावाची नदीतली आलिशान बोट निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, वाटेत बांगलादेश, आणि शेवट आसामात दिब्रुगडला. अठरा खोल्या, छत्तीस प्रवासी. पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचे बत्तीस जण होते. चार दिवसांतच बिहारात छपऱ्याजवळ बोट उथळ पाण्यात अडकली अशी बातमी आली आणि अधिकाऱ्यांनी ती लगेच नाकारली. एवढी गोष्ट मात्र खरी की मोठी बोट नदीत दूर थांबली आणि प्रवाशांना लहान होड्यांतून काठावर नेऊन चिरांद दाखवण्यात आले. चिरांद म्हणजे गंगाकाठचे नवाश्मयुगीन वस्तीचे ठिकाण, हाडांच्या हत्यारांसाठी पुरातत्त्वाच्या पुस्तकांत नाव कमावलेले. काठावर गर्दी जमली असणार. माणसे प्रवाशांकडे बघत होती, प्रवासी ढिगाऱ्याकडे बघत होते. मग होड्या परतल्या.

त्यात वाईट काय? काहीच नाही. चहाचा एक पेलाही कोणी कोणाला दिला नाही, एवढेच. आणि माझा मुद्दा तिथेच सुरू होतो.

'अतिथी' या शब्दाची आपल्याकडे जुनी फोड आहे: ज्याच्या येण्याला तिथी नाही, आणि जो दुसऱ्या तिथीपर्यंत राहत नाही तो. स्मृतिकारांनी तर एका रात्रीचाच मुक्काम धरला आहे. म्हणजे मुक्काम थोडा असणे हा पाहुण्याचा दोष नव्हे, ती त्याची व्याख्याच आहे. तीन तासांत काय कळणार, ही तक्रार म्हणून मला तितकीशी पटत नाही. अडचण वेळेची नाही, गरजेची आहे. अतिथीला काहीतरी हवे असते: पाणी, भाकरी, ओसरी, वाट दाखवणारा माणूस. ते मागितल्याशिवाय त्याचे चालत नाही, म्हणून यजमानाला यजमान होता येते. नदीतल्या या बोटीत पाणी आहे, जेवण आहे, गादी आहे, डॉक्टरही असेल. प्रवासी आपले घर पाठीवर घेऊन हिंडतो आणि प्रत्येक गावी त्या घराच्या खिडकीतून बाहेर डोकावतो. गावाकडे मागण्यासारखे त्याला काही उरतच नाही. पैशाने तो उदार असेल, पण गावाला त्याचे यजमानपण मिळत नाही.

जुन्या कोकणबोटीचा उतारू असा नव्हता. अनेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकी आणि पडावातून माणसे उतरवली जात. लाटेचा अंदाज खलाशाला, हात त्याचा, कधी खांदाही त्याचाच. चिपळूणकडे जाणाऱ्याला दाभोळला बोट बदलून वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत लाँचने जावे लागे, आणि ती लाँच भरतीच्या हिशेबाने सुटे, घड्याळाच्या नव्हे. तेवढा वेळ माणूस बंदरावरच्या कोणाच्या तरी आधाराने काढी. त्या प्रवासात हाल होते, आणि त्याहून वाईटही होते. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक माणसे घेऊन बुडाली, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे ऐकून गहिवरणारे लोक मुंबईत अजून भेटतात; त्यांतल्या बहुतेकांना उलट्या झालेल्या असतात, हेही तेच हसत सांगतात.

आमच्या शाळेची सहल २०१४ च्या जानेवारीत कोकणात गेली होती. संतपूरहून लातूरमार्गे, रायगड करून हर्णै, दापोली आणि मग दाभोळ. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. गाड्या, मोटारसायकली, माणसे सगळे एकदम. ही सोय २००३ पासून झाली. आमची ट्रॅव्हल्सची गाडी नेमकी धक्क्यापाशी येऊन बिघडली आणि दुरुस्ती होईपर्यंत पंचेचाळीस मुले आणि चार शिक्षक दाभोळात अडकलो. जवळजवळ तीन तास.

"सर, हितं काय बघायचं हो?" एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. समुद्र त्यांनी हर्णैला पाहिला होता. इथे एक लांबट वस्ती, मासळीचा वास, होड्या, नारळी आणि मध्येच उभी एक मोठी घुमटाची मशीद. आमच्या एका सहकाऱ्यांनी मुलांना रांगेत उभे करून मशीद दाखवून आणली, वह्यांत टिपणे घ्यायला लावली आणि वीस मिनिटांत काम उरकले. उरलेल्या वेळाचे काय, यावर आम्हां चौघांत चार मते होती. एक मॅडम म्हणाल्या, मुलांना नुसते बसू द्या. शांतता अनुभवू द्या. आपल्या गावात तरी कुठे असा किनारा आहे? त्यांचे म्हणणे ऐकायला फार चांगले वाटले, आणि आजकाल शिकलेली सगळीच मंडळी असे बोलतात: यादी घेऊन धावू नका, एके जागी बसा, शांतता मुरू द्या.

त्या शांततेविषयी मला थोडे बोलायचे आहे. बंदर शांत असते म्हणजे काय? देऊळ शांत असणे, रान शांत असणे हे समजते. बंदर हे गलबल्यासाठीच बांधलेले असते. ते शांत झाले याचा अर्थ कोणाचा तरी धंदा बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने दाभोळ जाळले. पुढे सत्ता बदलल्या, व्यापार मुंबईकडे वळला, आगबोटी आल्या आणि रस्ते झाल्यावर त्याही बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, ती चिपळूणवरून गेली. मध्यंतरी दाभोळचे नाव जगभर गाजले ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प तर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. नाव मात्र यांचे! अशा गावात येऊन 'वा, काय निवांत आहे' म्हणणे म्हणजे ज्या घरातली मुले निघून गेली त्या घरात शिरून 'तुमच्याकडे केवढी ऐसपैस जागा आहे' म्हणण्यासारखे आहे.

मला हे लागते याचे कारण आम्हांलाही तेच ऐकावे लागते. बेंगळुरूहून तपासणीला येणारे साहेब, पुण्याहून सुट्टीला आलेले नातलग, सगळे म्हणतात, संतपूर किती शांत आहे. शांत आहे, कारण दहावी झालेला पोरगा हैदराबादेत कुठल्याशा दुकानात उभा आहे, त्याचा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, आणि तूर काढायला घरी म्हातारा-म्हातारी आहेत. माझ्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खो-खोचे दोन संघ जमवताना आता ओढाताण होते. पाहुण्यांनी शांततेची स्तुती केली की आम्ही हसून मान डोलावतो. दाभोळकरही डोलावत असतील.

म्हणून मला यादीवाल्यांचा पक्ष पुरता पटत नाही आणि बसून राहणाऱ्यांचा तर त्याहून कमी पटतो. यादीवाला निदान काहीतरी शोधत असतो. बसणारा गावाच्या ओसाडपणावर आपली विश्रांती भागवतो, आणि वर त्यालाच आदर म्हणतो.

गंमत अशी की, त्या दाभोळातच या प्रश्नाला कोणीतरी दगडात उत्तर देऊन ठेवले आहे. त्या मशिदीची आख्यायिका धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मुलांना सांगितली. वहीतल्या टिपणात ती आली नव्हती. विजापूरच्या आदिलशाहीतली एक शाहजादी मक्केला जाण्यासाठी लवाजमा आणि द्रव्य घेऊन दाभोळला आली. काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा. समुद्र निर्धोक नव्हता, गलबत निघेना. दिवस जात राहिले. तेव्हा जाणत्यांनी सल्ला दिला की यात्रेसाठी आणलेले द्रव्य इथेच सत्कार्याला लावावे, आणि तिने ही मशीद बांधवली. इतिहासाच्या काट्यावर ही गोष्ट किती उतरेल तो भाग वेगळा. मी तिच्यातल्या विचाराकडे पाहतो. जे परलोकी न्यायचे म्हणून आणले होते, ते वाटेवरच्या बंदरात खर्च झाले. थांबणे हा प्रवासाचा खोळंबा न राहता प्रवासाचेच ठिकाण झाले.

आपण मशिदी बांधू शकत नाही, आणि तीन तासांत तर शौचालयही बांधून होत नाही. पण म्हाताऱ्याने ती गोष्ट सांगितली कशी, हे सांगण्यासारखे आहे. आमच्यातल्या एका मुलीची चप्पल तुटली होती. सुई-दोरा मागायला ती त्याच्याकडे गेली, कारण त्याच्या हातात सुई होती. त्याने जाळ्याच्याच दोऱ्याने चप्पल शिवून दिली आणि 'कुठली गं तू?' म्हणून विचारले. 'बीदरकडची' म्हटल्यावर त्याला काही उमगले नाही, आणि मग मी पुढे होऊन घोड्यांची, गावानाची हकिकत सांगितली. तो हसला, म्हणाला, "म्हणजे तुमची माणसं पूर्वीपासून इथंच अडकतात." मग बोलणे वाढले. भोवती दहाबारा मुले जमली. चप्पल तुटली नसती तर ती मुलगीही वहीतली टिपणे घेऊनच परत आली असती.

आमचे सहकारी परतीच्या वाटेवर म्हणाले, हे सगळे ठीक आहे, पण गोष्टी ऐकून त्या म्हाताऱ्याचे पोट भरते का? त्यापेक्षा प्रत्येक मुलाने दहा रुपयांचे काही विकत घेतले असते तर गावाचे भले झाले असते. या बोलण्यात तथ्य आहे, आणि मास्तरकीच्या पेशातल्या माणसाला ते सहज ऐकू येत नाही. गंगेच्या काठी बंगालात मटियारी नावाचे पितळकाम करणाऱ्यांचे गाव आहे. तिथेही अशा बोटी थांबतात. तिथल्या कारागिराला प्रवाशाचे कुतूहल हवे की गिऱ्हाईक, असे विचारले तर तो गिऱ्हाईक म्हणेल, आणि ते योग्यच आहे. विकत घेणे ही सुद्धा गरज मान्य करण्याची एक रीत आहे. घासाघीस करताना दोन माणसे एकमेकांकडे बघतात तरी. मला खुपते ते फक्त बोटीवरच्या दुकानातून त्याच गावची वस्तू घेणे. तशी सोय आता सगळीकडे होऊ लागली आहे.

बीदरला असे प्रवासी रोज येतात. हैदराबादेहून सकाळी गाडी निघते, किल्ला, मदरसा, गुरुद्वारा करते आणि मधल्या तासाभरात बिदरीकामाच्या एखाद्या कारखान्यात थांबते. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या उकळत्या पाण्यात ते भांडे घालतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच राहते. ही माती जिथे वर्षानुवर्षे ऊनपाऊस पोचले नाही अशा जागेची लागते, आणि ती बरोबर आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतो. पाहुणे बहुधा भाव विचारतात. मागच्या हिवाळ्यात मी दहावीच्या मुलांना घेऊन तिथे उभा होतो, तेव्हा एका वयस्क परदेशी बाईंनी कारागिराने चाखलेल्या मातीकडे बोट दाखवून, आपल्यालाही थोडी मिळेल का, असे खुणेने विचारले. त्याने चिमूटभर त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती जिभेला लावली, तोंड वाकडे केले आणि दोघेही मोठ्याने हसले. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता.