तालीम कशाची?

उर्दू शाळेतल्या मुलाला ‘तालीम’ या शब्दाचा अर्थ विचारला तर तो ‘शिक्षण’ असे सांगेल. कोल्हापूरच्या मुलाला विचारा, तो तांबड्या मातीचा आखाडा दाखवेल. शब्द एकच. ‘इल्म’ ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूचा. मराठीने तो घेतला आणि मातीत नेऊन रुजवला. तालमीतला ‘वस्ताद’ म्हणजे आपला ‘उस्ताद’. ‘पैलवान’ आणि ‘खुराक’ फारसीतून आले. ‘कसरत’चा मूळ अरबी अर्थ विपुलता, एखादी गोष्ट पुष्कळ वेळा केल्याने जो सराव होतो त्याला आपण कसरत म्हणू लागलो. ‘रियाज’च्या मुळाशी असलेल्या शब्दाचा जुना अर्थ घोड्याला वळण लावणे असा आहे. त्याच मुळातून सुफींची रियाजत आली, गवयाचा रियाज आला आणि आजच्या अरबीतला खेळासाठीचा शब्दही आला. कोल्हापूरच्या अनेक तालमींत मोहरमचे पंजे बसतात, गणपतीही बसतो. जोर-बैठका काढणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

आपल्या पूर्वजांनी शिक्षण आणि व्यायाम यांना एकच शब्द सहज वापरला. आपण मात्र दोहोंची फारकत करून टाकली आहे. म्हणून विचारावेसे वाटते : शरीर बळकट करणे हे खरोखर शिक्षण आहे का? की ते स्वतःच्याच प्रेमात पडणे आहे?

या प्रश्नावर आपल्या मोहल्ल्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. बुजुर्ग म्हणतात, शरीर म्हणजे माती, त्याचे एवढे लाड कशाला? तरुण म्हणतो, शरीर माझे आहे, मी त्याचे काहीही करीन. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. आपण शरीराला अमानत म्हणतो. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू कोणी धूळ खात टाकून देत नाही, आणि तिच्यावर मालकी हक्कही सांगत नाही.

तूस येथे १०५८ साली जन्मलेले इमाम गझाली यांनी ‘कीमिया-ए-सआदत’ या फारसी ग्रंथात याविषयी एक सुंदर दृष्टांत दिला आहे. शरीर हा हजयात्रेला निघालेल्या माणसाचा उंट आहे. उंटाला चारापाणी दिले नाही तर यात्रा होणार नाही. पण यात्रेकरू दिवसभर उंटाला खाऊ घालण्यात आणि सजवण्यातच गुंतला, तर काफिला पुढे निघून जाईल आणि तो वाळवंटात एकटा उरेल. नऊशे वर्षांपूर्वीचा हा दृष्टांत आजच्या जिमच्या दारावर लावावा इतका ताजा आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. उपाशी उंटावर बसून मक्केला पोहोचता येते, असे गझालींनी कुठेही म्हटलेले नाही.

आता शरीर शिकते म्हणजे काय, ते पाहू. वजन उचलायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंड मात्र फारसा फुगत नाही. कारण या काळात मुख्यतः आपले मज्जातंतू शिकत असतात. कोणत्या स्नायूला केव्हा हाक मारायची, किती तंतू एकाच वेळी कामाला लावायचे, हे त्यांना कळू लागते. स्नायू भरतो तो नंतर. तोही व्यायामाच्या वेळी भरत नाही. व्यायामाने पडलेला ताण तो विश्रांतीत आणि झोपेत भरून काढतो. ओझे थोडे थोडे वाढवत नेले तरच प्रगती होते; एकदम वाढवले तर इजा होते, आणि मुळीच वाढवले नाही तर शरीर आहे तिथेच थांबते. बी.एड.ला आम्हांला शिकवले होते की, विद्यार्थ्याला त्याच्या आवाक्याच्या किंचित पलीकडचे काम द्यावे. वस्तादाला हे कोणत्याही पदवीशिवाय ठाऊक असते.

खुराकाचेही तसेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. आपण भारतीय दिसतो सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त अशी आपली घडण असते. मधुमेहाची वाट इथूनच जाते. दिवसभर रोजा ठेवून संध्याकाळी तळलेल्या भज्यांनी आणि गोड सरबताने दस्तरखान भरून टाकणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. संयमाचा धडा मगरिबच्या अजानपाशी संपत नाही.

दुसऱ्या बाजूला प्रथिनांच्या पावडरीचे डबे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेले प्रमाण प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्याला याहून अधिक लागते, हे खरे. पण एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि डाळी, हरभरे, शेंगदाणे, दूध, मासळी आपल्या स्वयंपाकघराला परकी नाहीत. बारा-बारा तास यंत्रमागावर उभ्या असलेल्या बापाच्या मजुरीतून मुलगा पावडरीचा डबा आणतो, तेव्हा प्रश्न आहारशास्त्राचा राहत नाही. उंट कोणाच्या पैशावर सजतो आहे, हे विचारावे लागते.

याच्या पुढची पायरी सुईची. बाहेरून स्टेरॉइड घेतले की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते, शुक्राणू घटतात, हृदयावर आणि यकृतावर परिणाम होतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनने शंभर मीटर शर्यत जिंकली आणि काही दिवसांतच सुवर्णपदक गमावले. त्याच्या तपासणीत स्टॅनोझोलॉल सापडले होते. मराठीत आपण ‘कमावलेले शरीर’ म्हणतो. या शब्दात हलाल कमाईची अट आपोआप आलेली आहे.

कमावलेले सुद्धा कायमचे नसते. गामा पैलवान १९१० मध्ये लंडनला जाऊन झ्बिस्कोशी लढले. १९२८ मध्ये पतियाळात त्यांनी त्याच झ्बिस्कोला मिनिटभराच्या आत चीत केले. असा हा मल्ल अखेरच्या वर्षांत आजारपणाने खंगला आणि १९६० मध्ये लाहोरमध्ये वारला. अमानत परत करावी लागते, ती अशी.

मग बळ कमवायचे कशासाठी? तालमीत आरसा नसे, जोड असे. समोरच्याच्या अंगाशी झुंजताना त्याचे हाड मोडू नये, हेही वस्ताद शिकवत असे. आरशासमोर एकट्याने वाढवलेल्या ताकदीला हा धडा वेगळा शिकवावा लागतो. माझ्या मते कसोटी साधी आहे. व्यायामाने आलेली शिस्त माणसाला घरात, वर्गात, कामावर अधिक सोशिक बनवते का? म्हाताऱ्या आजीला जिन्यावरून उचलून आणताना ती ताकद उपयोगी पडते का? पडत असेल तर ती तालीम आहे. दुबळ्याकडे पाहून हसू येत असेल, तर शिकवणीत काहीतरी राहून गेले आहे.

हीच कसोटी समाजालाही लावली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयाने पीडित आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या सर्वांना रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आपल्याकडे मात्र अंडे भावाच्या ताटात जाते, आणि शाळेत पी.टी.चा तास गणिताच्या शिक्षकाला दिला जातो. मुलगी हंडे उचलते, धाकट्या भावंडांना कडेवर घेते, पण ते तिचे काम समजले जाते. तिच्या शरीराचीही काही तालीम असते, हे कोणाच्या मनात येत नाही.

शरीर अमानत आहे, असे आपण मिंबरवरून ऐकतो आणि माना डोलावतो. ते खरे मानायचे असेल तर ही अमानत मुलीकडेही सोपवलेली आहे, यंत्रमागावरच्या मजुराकडेही आहे. त्याला पुरेशी झोप आणि तिला पोटभर सकस अन्न मिळवून देणे हा या तालमीचा पहिला धडा आहे. जोर-बैठका त्यानंतर.