अन्नवस्त्र आणि अंश

हिंदु धर्मशास्त्रांत दायभागाचा विचार करतांना स्मृतिकारांनीं मनुष्यांचा एक वर्ग निराळा काढून ठेवला आहे. जन्मांध, जन्मबधिर, मूक, उन्मत्त, जड इत्यादिकांस मनूनें 'अनंश' ठरविलें. म्हणजे वडिलोपार्जित मिळकतींत त्यांस वाटा नाहीं. परंतु त्याच मनूनें लागलीच पुढें असेंही सांगितलें आहे कीं, या सर्वांस यथाशक्ति व यावज्जीव अन्नवस्त्र देणें न्याय्य होय, आणि जो देणार नाहीं तो पतित समजावा. हा नियम अगदींच निर्दय होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि अन्नवस्त्र मिळणारा मनुष्य घरांत राहतो. घर त्याचें नसतें. त्याच्यापुढें आलेलें ताट भरलेलें असेल, पण तें केव्हां वाढावें हें दुसरा ठरवितो.

हें अंतर मिटविण्यास कायद्याला बराच काळ लागला. 1928 सालच्या बाराव्या ॲक्टानें शारीरिक व्यंगामुळें वारसाहक्क बुडूं नये असें ठरविलें, पण जन्मतः वेड्या वा जड असलेल्यांस मात्र वगळलें. त्यांची सुटका 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें केली. मिळकतीचा प्रश्न येथें संपला. परंतु उंबऱ्याबाहेर आणखी एक मोठी सामाईक मिळकत पसरलेली आहे. रस्ते, कचेऱ्या, शाळा, स्थानकें, न्यायालयें, पेढ्या हीं सर्वांच्या पैशानें अथवा सर्वांच्या भरंवशावर उभीं असतात. या मिळकतींत अपंग मनुष्य अंशाचा धनी कीं अन्नवस्त्राचा, हा प्रश्न आम्हांस येथें पाहावयाचा आहे. ('अपंग' हा जुना शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. 2015 च्या अखेरीस 'दिव्यांग' हा शब्द पुढें आला व सरकारी खात्याच्या नांवांतही शिरला. हेतु चांगला असेल. पण देवपण देण्यास खर्च येत नाहीं, उतार बांधण्यास येतो.)

1995 सालीं संसदेनें अपंगांसंबंधीं एक मोठा कायदा केला. सार्वजनिक इमारतींना उतार, शौचकूपांत चाकाच्या खुर्चीची सोय, लिफ्टमध्यें ब्रेल अक्षरें, या सर्वांचा त्यांत उल्लेख होता. पण त्या कलमांच्या तोंडाशींच 'आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेंत' अशा अर्थाचे शब्द घातलेले होते. हें मनूचें 'यथाशक्ति'च होय! देणाऱ्याची शक्ति किती हें देणाऱ्यानेंच ठरवावयाचें असल्यावर तें दान झालें. ऋणको आपल्या सावकारास 'यथाशक्ति देतों' म्हणूं लागला तर त्यास कोणी दानशूर म्हणत नाहीं.

2006 सालीं संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला, पुढील वर्षीं भारतानें तो मान्य केला, आणि त्यास अनुसरून 2016 चा नवा कायदा झाला. त्यांत अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. पण आमच्या मतें खरा पालट निराळाच आहे. इमारतींच्या कलमांतून तें 'यथाशक्ति' गेलें. नियमांप्रमाणें आराखडा नसल्यास बांधकामाला परवानगी मिळूं नये. जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पांच वर्षांत सुधाराव्या. आणि सरकारीच नव्हे, तर खाजगी सेवा देणाऱ्यांनींही दोन वर्षांत आपली सेवा सुलभ करावी, असें बंधन आलें.

येथें सज्जन माणसेंच आक्षेप घेतात. ते म्हणतात, 'आमच्या समाजांत माणुसकी आहे. कायद्याची काठी कशास?' आमच्या माहितीच्या एका महाविद्यालयांत चाकाच्या खुर्चीवर बसणारा एक विद्यार्थी होता. त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे. दोन शिपाई रोज सकाळीं त्याला खुर्चीसकट उचलून वर नेत व दुपारीं खालीं आणीत. शिपायांचा चांगुलपणा निःसंशय होता. वार्षिक संमेलनांत त्यांचा सत्कार झाला व टाळ्याही पुष्कळ पडल्या. मात्र तो विद्यार्थी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे, कारण शौचकूप तळमजल्यावर होता आणि शिपायांस पुन्हां हांक मारणें त्याच्या जिवावर येई. एक शिपाई रजेवर गेला कीं त्याचीही रजा होई. तळमजल्यावर एक मोठी खोली होती. तींत मोडकीं बांकें ठेवलेलीं असत. त्या महाविद्यालयांत दयेचा तुटवडा होता असें कोण म्हणेल? वर्ग खालच्या खोलींत आणावा, एवढें मात्र कोणास सुचलें नाहीं; आणि तें मागण्याचा आपणांस अधिकार आहे असें त्या विद्यार्थ्यासही वाटलें नाहीं. रोज उपकार घेणाऱ्याला तक्रार करतां येत नाहीं, हा दयेचा दोष दयाळू माणसांच्या नजरेस सहसा येत नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचें उत्तर सोपें आहे, पण तें कोणी देत नाहीं. जिना हा सुद्धां खर्चच आहे. पायांनीं चालणाऱ्यांकरितां केलेली सवलत म्हणून तो हिशेबांत दाखविला जात नाहीं, एवढेंच. अंध मनुष्याला दिव्याची गरज नसते. सार्वजनिक कचेरींतील विजेचें बिल डोळसांसाठीं असतें, आणि अंधही कर भरून त्याचा भार उचलतो. शिवाय होणारा खर्च तरी नीट होतो काय? चाकाच्या खुर्चीच्या उताराचें रूढ प्रमाण एकास बारा असें आहे. म्हणजे सहा इंचांच्या तीन पायऱ्यांस अठरा फूट लांबी लागते. आमच्याकडे तोच चढ पांच फुटांत उरकून त्यावर गुळगुळीत फरशी बसवितात. अशा घसरगुंडीवरून अपंग तर राहोच, धडधाकट मनुष्यही पावसाळ्यांत जपूनच उतरेल.

खाजगी व्यापाऱ्याचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. 'दुकान माझें, पायरीही माझी' असें म्हणणाऱ्यास आमचें सांगणें असें कीं, ज्यानें रस्त्याकडे दार उघडून 'या' म्हटलें, त्यानें तें सर्वांस म्हटलें. तथापि कायद्यानेंही 'वाजवी सोय' सांगतांना अवाजवी भार पडूं नये असें म्हटलें आहे, आणि तें योग्यच आहे. जुन्या पेठेंतील वाण्यानें ओट्यावरून खालीं उतरून गिऱ्हाइकाच्या हातांत पुडी दिली तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. पण पेढीची गोष्ट तशी नाहीं. तेथें नुसती वस्तु घ्यावयाची नसते, तर आपला व्यवहार आपल्या नांवानें व गुप्तपणें करावयाचा असतो. आतां तर पायरीही दगडाची राहिली नाहीं. खातें उघडण्यास यंत्रापुढें डोळे मिचकावा असें सांगतात. ज्यांचे डोळे ॲसिडनें गेले, त्यांनीं काय करावें? 30 एप्रिल 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा अर्जदारांची बाजू घेऊन, ही यांत्रिक ओळखपरीक्षा सर्वांस जमेल अशी करावी म्हणून वीस आदेश दिले आणि अशा सेवांपर्यंत पोंचणें हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें नाहीं, हें निराळें सांगावयास नकोच. एका अंध गृहस्थांनीं 2005 सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यावर 2017 सालीं निकाल झाला, आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजीं पुन्हां न्यायालयाला सांगावें लागलें कीं, कायद्यानें आज्ञा केली असतां सरकारच्या नियमांनीं तिची नुसती शिफारस करून टाकली आहे. तो नियम न्यायालयानें कायद्याविरुद्ध ठरविला व तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास फर्माविलें. पहा कसें झालें: दारांतून घालविलेलें 'यथाशक्ति' खिडकींतून आंत आलें होतें! पहिल्या गुन्ह्यास दंड फार तर दहा हजार रुपये. मोठ्या इमारतीच्या मालकास तो दंड कसा वाटणार? उतारापेक्षां स्वस्तच.

एक गोष्ट राहिली. उतार एकदां बांधला कीं तो सर्वांस चालतो, पण प्रत्येक गरज अशी सार्वत्रिक नसते. लिहितांना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थ्यास लेखनिक नाकारण्यांत आला, कारण त्याचें अपंगत्व ठराविक टक्क्यांत बसत नव्हतें. फेब्रुवारी 2021 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा हिशेब नाकारला. तें योग्यच झालें. टक्केवारी राखीव जागांस उपयोगी पडेल, पण हात चालत नाहीं त्याचा हात चालत नाहीं. आमचे कांहीं सहकारी अशा सवलतींकडे, विशेषतः तासास वीस मिनिटें जादा देण्याकडे, संशयानें पाहतात. परीक्षा ज्ञानाची आहे कीं बोटांच्या वेगाची, हें त्यांनीं आम्हांस अद्याप सांगितलेलें नाहीं.

यांत सर्वांत मागें राहतो तो मनाचा रोगी आणि मंद बुद्धीचा मनुष्य. एकवीस प्रकारांत त्यांचीं नांवें आहेत. पण कचेरीच्या दारीं त्यांच्यासाठीं बांधावयाचा उतार कोणता, हें मापून देणें कठीण. सोप्या भाषेंतला अर्ज, दोनदां समजावून सांगणारा कारकून, घाई न करणारी रांग, असें कांहीं तरी तें असणार. 1928 च्या कायद्यानेंही याच लोकांस बाहेर ठेवलें होतें, आणि त्यांस आंत घेण्यास पुढें 28 वर्षें गेलीं.