शुक्रवारचा बन

ख्रिसमसचा केक दुकानाच्या फळीवरून उतरतो आणि त्या रिकाम्या जागेवर हॉट क्रॉस बन येऊन बसतात. इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये जानेवारीत जा, दिसतील. मसाल्याचे, मनुका घातलेले गोड पाव, वर पांढरी फुली. आता चॉकलेटचे मिळतात, चीजचेही मिळतात. मुळात हा बन गुड फ्रायडेचा, ईस्टरच्या आदल्या शुक्रवारचा. म्हणून दरवर्षी कुणीतरी वैतागतं, की जानेवारीत बन विकून सणाची चव घालवली. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. जानेवारीत बन खाल्ल्याने नेमकं कुणाचं काय बिघडतं?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर कुणाचंच काही बिघडत नाही. तरीही गेली तीन वर्षं लीड्समधल्या भाड्याच्या घरात मी हे बन वर्षातून एकदाच करतो, गुड फ्रायडेला. मी ख्रिश्चन नाही. धार्मिक तर कुठल्याच अर्थाने नाही. मग जो नियम मोडला तरी कुणाचा तोटा होत नाही, तो पाळण्यात काही अर्थ असतो का? की ती फक्त हौस?

पहिलं सोपं उत्तर इतिहासाचं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस लेंट. मध्ययुगात त्या काळात अंडी, दूध, लोणी वर्ज्य असायचं. मसालेदार गोड पाव म्हणजे ते दिवस सरत आल्याची खूण. पुढे 1592 मध्ये लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने हुकूम काढला, की असे मसालेदार पाव फक्त गुड फ्रायडे, ख्रिसमस आणि अंत्यविधी एवढ्याच प्रसंगी विकायचे. इतर वेळी विकताना सापडला तर माल जप्त करून गरिबांना वाटायचा. हुकूम विक्रीवर होता, त्यामुळे ज्याला हवा त्याने घरी भाजावा. म्हणजे ज्या संयमाची आज आपल्याला आठवण येते, तो निदान काही काळ सरकारी दंडाने टिकवलेला होता. त्या काळाबद्दल गहिवरून येण्याचं कारण नाही. वरून लादलेल्या उपासाला मी तरी संयम म्हणणार नाही.

दुसरं सोपं उत्तर चवीचं. वाट पाहिली की गोष्ट जास्त गोड लागते. खरं आहे, आंबा आठवा. पण मग हे सगळं जिभेचंच गणित झालं. जास्त मजा यावी म्हणून आधी थोडी कमी करायची, इतकंच. शिवाय वाट पाहण्याचं कौतुक तोच करू शकतो ज्याचा फ्रिज भरलेला आहे. महिनाअखेरीला फूड बँकेच्या रांगेत उभं राहणाऱ्याला जानेवारीत स्वस्त बनाचं पाकीट मिळालं, तर त्याला ‘एप्रिलपर्यंत थांब’ म्हणणारा मी कोण?

मला पटलेलं उत्तर तारखेत आहे. ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. ही पौर्णिमाही आकाशात पाहून ठरत नाही, चर्चच्या कोष्टकावरून ठरते. त्यामुळे गुड फ्रायडे 2024 मध्ये 29 मार्चला आला, 2025 मध्ये 18 एप्रिलला. हा हिशोब एकदा मी गंमत म्हणून कोडमध्ये उतरवला. तारीख काढायला दहा-बारा ओळी पुरल्या. पण ही तारीख कुणाच्याच सोयीची का नाही, हे मात्र त्या ओळींतून कळत नाही. ते माणसांकडे पाहून कळतं. कुणा एकाच्या सोयीची नाही म्हणूनच ती सगळ्यांची असू शकते.

पूर्व लंडनमधला ‘द विडोज सन’ हा पब घ्या. त्याची कथा अशी, की तिथे पूर्वी एक विधवा राहायची. तिचा खलाशी मुलगा ईस्टरला परतणार होता आणि माझ्यासाठी एक बन ठेव म्हणून सांगून गेला होता. तो आलाच नाही. ती दर गुड फ्रायडेला एक नवा बन करून आधीच्या बनांशेजारी टांगत राहिली. कथा किती खरी ते सोडा. पबच्या छताला जाळ्यात जुने बन टांगलेले असायचे आणि गुड फ्रायडेला नौदलाचा खलाशी त्यात एकाची भर घालायचा, ही प्रथा मात्र खरी. ते बन कुणी खाणार नाही, तेव्हा चवीचा प्रश्नच मिटला. उरला फक्त दिवस. बाईंनी वेळ मिळेल तेव्हा बन केला असता, तर मुलाला कधी यायचं ते कळलं नसतं. दिवस पक्का होता म्हणून दार त्याच्यासाठी उघडं होतं.

हे मला समजलं ते आईमुळे. बाबांची तिथी ज्येष्ठात असते. गेल्या वर्षी ती बुधवारी आली. आईचा साताऱ्याहून फोन आला, “अरे, रविवारी करूया का श्राद्ध? तुला सुट्टी असेल, नीट बसता येईल व्हिडिओवर.” तिथे सकाळचे दहा म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. कावळ्यावर माझा विश्वास नाही आणि तिला ते माहीत आहे. रविवार सगळ्या बाजूंनी शहाणपणाचा होता. मी विचारलं, “बुधवारी कोण कोण येतं गं?” ती नावं सांगत गेली. आत्या, काका, बाबांबरोबर बँकेत असलेले दोघं. “त्यांना तू बोलावतेस?” “बोलवायचं काय त्यात? तिथी माहीत असते त्यांना.”

मी म्हटलं, मग बुधवारच ठेव. मी पहाटे उठेन.

ठरलेला दिवस म्हणजे बोलावणं न करता एकमेकांना भेटण्याची सोय. रविवारी केलं असतं तर आईला चार फोन करावे लागले असते, आणि फोन करून बोलावलेला माणूस पाहुणा होतो. तिथीला आलेला माणूस घरचा असतो. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा दिवस निवडला, तर कुणाचंच काही बिघडत नाही हे खरंच. फक्त न सांगता येण्याजोगा दिवस उरत नाही. हे नुकसान एकेकट्या माणसाच्या हिशोबात कुठेच दिसत नाही, म्हणून जानेवारीच्या बनात दोष सापडत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गुड फ्रायडेला रुग्णालयात ड्युटी असलेल्या नर्सचं काय? ज्यांचा हा सणच नाही त्यांचं काय? म्हणूनच मला वाटतं, असा नियम स्वतःला घालावा, दुसऱ्याला लावू नये. तो न पाळणारा दोषी नसतो. पाळणारा मात्र इतरांसाठी एक दिवस जागेवर ठेवतो. तो माझ्या धर्माचा आहे की नाही, हे त्यानंतरचं.

आता प्रत्यक्ष बनाबद्दल. अर्धा किलो मैदा, दूध, लोणी, साखर, एक अंडं, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, दालचिनी, जायफळ, मनुका, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल. पीठ निवांत फुगतं. साखर आणि लोणी यीस्टला जड जातात आणि दालचिनी तर त्याला मंदावतेच. दोनदा फुगवायचं. मग मैदा-पाण्याची पेस्ट मेंदीच्या कोनासारख्या कोनात भरून फुल्या काढायच्या, वीसेक मिनिटं भाजायचं आणि गरम असतानाच साखरेचा पाक लावायचा. बारा होतात.

पाकिटातले बन बरेच दिवस मऊ राहतात. घरचे दुसऱ्या दिवशी कडक व्हायला लागतात. फ्रीझर आहे, टोस्टर आहे, पळवाटा आहेत. पण शुक्रवारी दुपारी एकटा माणूस बारा गरम बनांसमोर उभा असतो, तेव्हा पळवाट शोधण्यापेक्षा शेजारचं दार वाजवणं सोपं असतं. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या आहेत. यंदा 3 एप्रिलला मी ताट घेऊन बाहेर पडलो, तर त्यांच्या दारापाशी लोण्याची डिश आधीच काढून ठेवलेली होती. मी येणार आहे, असं मी त्यांना सांगितलं नव्हतं.